कौंडिण्य : एका प्रयोगाचे परीक्षण

मराठीत 'प्रयोग' हा शब्द दोन ठिकाणी सारख्याच सहजपणे वापरला जातो. प्रयोगशाळेत होतो तो प्रयोग आणि नाट्यगृहात होतो तोही प्रयोग. नाटकाचा प्रयोग झाला की चार दिवसांत त्याचे परीक्षण छापून येते. संहिता कशी होती, नेपथ्य कालाला धरून होते का, कोणता प्रवेश रंगला, कोणता पडला, हे सारे त्यात सांगितलेले असते. विज्ञानाच्या प्रयोगाला मात्र आपण एक तर टाळ्या वाजवतो किंवा दहापैकी गुण देतो. त्याचे परीक्षण असे आपण करीत नाही. या लेखात आम्ही ते करून पाहणार आहोत. प्रयोग आहे 'आयएनएसव्ही कौंडिण्य' या शिवलेल्या नौकेचा.

घनसावंगीसारख्या गावातल्या शिक्षकांनी समुद्रावर लिहावे याचे कोणाला नवल वाटेल. आमच्या तालुक्याच्या दक्षिण अंगाने गोदावरी वाहते, जायकवाडीचा डावा कालवा शिवारातून जातो, आणि पाण्याशी आमची ओळख एवढ्यावरच संपते. तरीही हा विषय आम्हांला टाळता आला नाही. त्याचे कारण आमचेच भित्तिपत्रक.

२९ डिसेंबर २०२५ रोजी ही नौका पोरबंदरहून निघाली आणि १४ जानेवारी २०२६ रोजी ओमानमधील मस्कतला पोहोचली. बातमी वाचून आम्हांला आनंद झाला. ज्या चित्रावरून ती बांधली ते चित्र अजिंठ्याचे, म्हणजे आमच्या मराठवाड्यातले. आम्ही लगेच भित्तिपत्रकावर मोठ्या अक्षरांत लिहिले : 'अजिंठ्याची नौका दीड हजार वर्षांनी पुन्हा समुद्रात! प्राचीन तंत्रज्ञान सिद्ध!' दुसऱ्या दिवशी नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, ती नौका शिवलेली होती ना? मग चित्रात टाके दिसतात का?"

उत्तर आमच्याजवळ नव्हते. तिला 'बघून सांगतो' म्हटले आणि बघायला बसलो. जे हाती लागले ते असे.

संहिता

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर एक गलबत रंगवलेले आहे. काळ साधारण इसवी सनाचे पाचवे शतक. गलबताची दोन्ही टोके उंच उचललेली, तीन उंच डोलकाठ्या, त्यांवर उभट शिडे, आणि आत ओळीने मांडलेले रांजण. नौकेचा आराखडा म्हणून उपलब्ध होते ते एवढेच. त्या काळचा एकही बांधणी-नकाशा आज शिल्लक नाही.

चित्रकाराला गोष्ट सांगायची होती. त्याला सुताराला मोजमाप द्यायचे नव्हते. चित्रावरून बाह्याकृती कळते. फळीची जाडी किती, आत वाकणे किती अंतरावर, पाण्याखालच्या भागाचा आकार कसा, फळी फळीला कशी धरून ठेवली होती, ही माहिती चित्र देत नाही. तेव्हा आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर असे : शिवणीचे ज्ञान अजिंठ्याच्या भिंतीवरून आलेले नाही. ते दुसरीकडून आले.

कोठून? एक, लिखित उल्लेखांतून. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात अरबी समुद्राच्या किनाऱ्यांवरील शिवलेल्या नौकांचा उल्लेख आहे. तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मुझला काथ्याने शिवलेली जहाजे पाहिली आणि ती त्याला मुळीच आवडली नाहीत. दुसरे, जिवंत कारागिरांच्या हातांतून. ही नौका गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या 'होडी इनोव्हेशन्स'ने बांधली. शिवण घातली ती केरळहून आलेल्या कारागिरांनी, बाबू शंकरन या मुख्य मिस्त्रींच्या हाताखाली. सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि बांधणारे यांच्यात करार झाला जुलै २०२३ मध्ये. त्याच वर्षी सप्टेंबरात कणा बसवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये नौका पाण्यात उतरली आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाली. मद्रासच्या आयआयटीतील सागरी अभियांत्रिकी विभागाने छोट्या नमुन्यावर पाण्यातल्या चाचण्या घेतल्या. येथे शिक्षकांना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगून ठेवतो. नमुना एक-दशांश लांबीचा केला तर त्याचा वेग एक-दशांश ठेवून चालत नाही. लाटांचा मेळ बसण्यासाठी तो लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ३.१६ पटीने कमी ठेवावा लागतो.

म्हणजे या नौकेत तीन वेगवेगळ्या प्रकारचे ज्ञान एकत्र आले आहे : पाचव्या शतकातले चित्र, पिढ्यानपिढ्या हातात उतरलेली कारागिरी आणि आजचे गणित. या तिघांची सांगड घालणे हेच या प्रयोगाचे खरे यश आहे, असे आमचे मत झाले. 'अजिंठ्याची नौका' या दोन शब्दांत ते यश झाकले जाते. कारागीर आणि गणित दोन्ही पुसले जातात आणि उरते फक्त चित्र.

सांगड हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. वाळलेले भोपळे किंवा दोन होड्या एकमेकांना बांधून केलेला तराफा म्हणजे सांगड. खिळा न ठोकता, बांधून तरंगवण्याची कल्पना आपल्या नद्यांवरही होती, आणि ती भाषेत अजून शाबूत आहे.

नेपथ्य

नाटकाच्या परीक्षणात नेपथ्य तपासतात, तसे येथेही तपासू. नौकेच्या शिडांवर गंडभेरुंड आणि सूर्य आहेत. नाळेवर सिंहयाळी कोरली आहे. डेकवर हडप्पा पद्धतीचा दगडी नांगर ठेवला आहे. आणि नाव आहे कौंडिण्याचे.

आता काळ लावून पाहा. हडप्पा संस्कृती सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची. चित्र पाचव्या शतकातले. गंडभेरुंड दख्खनच्या आणि दक्षिणेच्या राजघराण्यांनी मिरवलेले, आणि तेही पुढच्या काळात. कौंडिण्याची कथा आग्नेय आशियातील फुनान राज्याच्या स्थापनेशी जोडलेली; ती आपल्यापर्यंत येते चिनी इतिवृत्तांतून आणि आजच्या व्हिएतनाममधील मी सन येथील सातव्या शतकाच्या शिलालेखातून. कौंडिण्य ही ऐतिहासिक व्यक्ती म्हणून दाखवता येत नाही. ती दंतकथा आहे.

नौदलाने नांगराला 'प्रतीकात्मक' म्हटले होते आणि कौंडिण्याला दंतकथेतला नाविक म्हटले होते, हे नमूद केले पाहिजे. बांधणाऱ्यांनी फसवणूक केलेली नाही. नौकेला सजवण्याचा अधिकार त्यांना आहे. दोष आहे तो वाचणाऱ्यांचा आणि पुढे सांगणाऱ्यांचा, म्हणजे आमच्यासारख्यांचा. विद्यार्थ्यासमोर नौकेचे छायाचित्र ठेवले की सजावट आणि पुरावा यांतली रेघ शिक्षकाने ओढायची असते. ती आम्ही ओढली नाही, आणि तीन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर एका 'प्राचीन' या शब्दात कोंबले.

टाका आणि त्याचे कारण

या प्रयोगातला सर्वांत रंगलेला प्रवेश म्हणजे शिवण. दोन फळ्यांच्या कडांना ओळीने भोके पाडतात. आतल्या बाजूने सांध्यावर नारळाच्या काथ्याची वळी दाबून बसवतात आणि तिच्यावरून दोर ओढून घट्ट टाके घालतात. भोके बुजवतात, वरून राळ आणि तेल चढवतात. खाऱ्या पाण्यात काथ्या लवकर कुजत नाही.

असे का करीत असावेत? आपल्याकडे एक जुने उत्तर आहे. भोजराजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरू' या ग्रंथात म्हटले आहे की समुद्रात जाणाऱ्या नौकेत लोखंड वापरू नये, कारण समुद्रातले लोहचुंबक ते ओढून घेतील. हा उतारा अनेक ठिकाणी कौतुकाने सांगितला जातो. वर्गात तो जरूर सांगावा, पण लगेच चुंबक आणि टाचणी काढावी. टाचणीपासून चुंबक एक सेंटिमीटरवर, मग दोन, मग चार सेंटिमीटरवर धरून पाहावे. ओढ किती झपाट्याने कमी होते हे मुलांच्या हाताला कळते. फळीतले खिळे उपटून काढील असा खडक समुद्राच्या तळाशी असू शकत नाही. कृती टिकाऊ होती. दिलेले कारण चुकीचे होते. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे शिकवण्यासाठी इतके चांगले उदाहरण आम्हांला दुसरे सापडले नाही.

लोखंड करता येत नव्हते म्हणून शिवत, हेही पटत नाही. दिल्लीचा लोहस्तंभ जवळपास अजिंठ्याच्याच काळातला आहे. मग उरतात साधी कारणे. किनाऱ्यावर काथ्या मुबलक, लोखंड महाग. एक फळी खराब झाली तर टाके कापून तेवढीच बदलता येते. बंदर नसलेल्या किनाऱ्यावर नौका वाळूत ओढावी लागते, तेव्हा शिवलेले अंग थोडे लवते. मार्को पोलोनेही एक कारण दिले आहे : तिथले लाकूड कडक आणि ठिसूळ, खिळा ठोकला की चिरते.

हे लवण्याचे आणि चिरण्याचे आम्ही करून पाहिले. जुन्या खोक्याच्या फळ्या घेतल्या. दोन फळ्या काटकोनात जोडून पन्हळ केली. एक खिळ्यांची, एक शिवलेली. भोके सुताराच्या सामत्याने पाडली, दाभणाने सुतळी ओवली, सांध्यावर काथ्या दाबला, वरून जवसाचे तेल लावले. टोके शाडूने बंद करून पाणी ओतले. शिवलेली पन्हळ पहिल्या दिवशी धारेने गळली. रात्रभर हौदात बुडवून ठेवल्यावर गळती थेंबांवर आली. मुलांनी लगेच निष्कर्ष काढला : शिवण भिजली की पाणी अडते.

पण शेजारची खिळ्यांची पन्हळही रात्रभर भिजत होती, आणि तिचीही गळती कमी झाली होती! लाकूड पाणी पिऊन फुगते, फट मिटते; यात शिवणीचे खास श्रेय नाही. ती दुसरी पन्हळ केली नसती तर आम्ही चुकीचा निष्कर्ष वहीत उतरवून मोकळे झालो असतो. फरक दिसला तो पिळताना. दोन्ही पन्हळींची टोके धरून पिळल्यावर शिवलेली लवली आणि परत जागेवर आली. दुसरीत खिळे हलू लागले आणि एका फळीला खिळ्यापाशी चीर गेली. खिळा सगळा ताण चार-दोन ठिकाणी घेतो, दोर तो सांधाभर वाटून देतो. दोन पन्हळींवरून जहाजाचा नियम काढता येत नाही, हेही मुलांच्या वहीत लिहून घेतले.

(हा प्रयोग हौदाच्या पाण्यातच करावा. नदीवर, कालव्यावर किंवा विहिरीवर मुलांना नेऊ नये.)

प्रवास काय सिद्ध करतो?

आता मुख्य प्रश्न. सुमारे वीस मीटर लांबीची शिवलेली नौका शिडांच्या बळावर मस्कतला पोहोचली. यावरून काय सिद्ध झाले?

नकाशावर पोरबंदर ते मस्कत सरळ रेषेत सुमारे साडेअकराशे किलोमीटर भरते. सोळा दिवसांचा हिशेब केला तर दिवसाला साधारण ७२ किलोमीटर, म्हणजे ताशी तीन. माणूस याहून वेगाने चालतो. अर्थात नौका सरळ रेषेत जात नाही, वारा पडला की थांबते, उलटा झाला की मागेही सरकते. प्रत्यक्ष कापलेले अंतर जास्तच असणार. हिवाळ्यात अरबी समुद्रावर ईशान्येकडून वारे वाहतात आणि भारतातून पश्चिमेकडे निघण्याचा तोच पूर्वापार हंगाम. असे हिशेब मुलांकडून करून घेतले तर 'प्राचीन वैभव' या शब्दांमागे माणसांनी समुद्रावर काढलेले दिवस दिसू लागतात. अजिंठ्याच्या चित्रात इतके रांजण का काढले असावेत, हाही प्रश्न मग आपोआप निघतो.

सिद्धतेच्या बाबतीत जुनी उदाहरणे पाहणे हिताचे आहे. १९४७ मध्ये थॉर हेयरडाल आणि त्याचे पाच सोबती 'कॉन-टिकी' नावाच्या बाल्सा लाकडाच्या तराफ्यावरून पेरूहून निघाले आणि १०१ दिवसांनी पॉलिनेशियातील रारोइया बेटाच्या प्रवाळकड्यावर आदळले. धाडस अजोड होते. त्यावरून हेयरडालने म्हटले की पॉलिनेशियात वस्ती दक्षिण अमेरिकेतून झाली. भाषा, उत्खनन आणि पुढे जनुके यांचा पुरावा मात्र उलट निघाला : वस्ती पश्चिमेकडून, आशियाच्या बाजूने झाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बाराव्या शतकाच्या सुमारास दोन्ही लोकांचा संपर्क आल्याचे दिसले. पण संपर्क आणि मूळ वस्ती या वेगळ्या गोष्टी आहेत. तराफ्याने सिद्ध केले ते इतकेच, की असा प्रवास होऊ शकतो. 'होऊ शकतो' आणि 'झाला' यांच्यातले अंतर तराफा कापू शकत नाही.

टिम सेव्हरिनने १९८० मध्ये 'सोहार' हे शिवलेले जहाज ओमानमध्ये बांधले. लाकूड आणले होते केरळातून. ते मस्कतहून निघून १९८१ मध्ये चीनमधील कँटनला पोहोचले. सेव्हरिनच्या पुस्तकाचे मोल असे, की त्यात वारा पडल्यामुळे आठवडेच्या आठवडे अडकून पडल्याचे आणि शिडाचा मुख्य वासा मोडल्याचेही वर्णन आहे. आणि २०१० मध्ये ओमानहून सिंगापूरला गेलेले 'ज्युएल ऑफ मस्कत' याहूनही एक पायरी वर होते, कारण त्याचा आधार इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये सापडलेले नवव्या शतकातले खरेखुरे बुडालेले जहाज होते. तेथे फळ्यांची भोके मोजता येत होती. पुराव्याची उतरंड लावायची तर सापडलेले जहाज वर, चित्र त्याच्या खाली, दंतकथा सर्वांत खाली. कौंडिण्य मधल्या पायरीवर आहे. यात कमीपणा काही नाही. पायरी कोणती ते सांगावे, एवढेच.

याच दांडेकरांनी पूर्वी 'म्हादेई' ही १७ मीटरची नौका गोव्यात बांधली होती. तीवरून कॅप्टन दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. तेथे प्रश्न होता, 'भारतात बांधलेल्या नौकेतून एक भारतीय माणूस एकटा जाऊन येऊ शकतो का?' नौका मुंबईला परतली आणि उत्तर मिळाले. कौंडिण्यचा प्रश्न भूतकाळाबद्दल आहे. त्याचे उत्तर केवळ बंदराला लागल्याने मिळत नाही. ते नोंदींतून मिळते. आत रोज किती पाणी येत होते, कोणते टाके सैल झाले, वाऱ्याच्या किती जवळ नौका वळत होती? आमच्या हाती आलेल्या बातम्यांत तारखा, पाहुणे आणि अभिनंदने भरपूर होती. हे आकडे नव्हते. विद्यार्थ्यांसाठी लिहिणाऱ्यांनी ते मिळवून सोप्या मराठीत द्यावेत, ही आमची मागणी आहे. वस्तुसंग्रहालयातल्या नौकेपेक्षा तिची दुरुस्तीची वही आम्हांला वर्गात अधिक उपयोगी पडेल.

मग आमच्या मुलांचा अभिमान?

हे सारे मांडल्यावर एका सहकाऱ्यांनी विचारले, "मुलांना अभिमान वाटायचा असेल तर तो तुम्ही काढून घेता आहात का?" प्रश्न रास्त आहे. आडगावच्या मुलाला समुद्राशी आपला संबंध आहे असे वाटणे ही मोठी गोष्ट आहे, आणि ती हिरावून घेण्याची आमची इच्छा नाही.

पण त्यासाठी फुगवून सांगण्याची गरज नाही. आमच्या गोदावरीवर, वरच्या अंगाला पैठण आहे; सातवाहनांची राजधानी. यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. ती नाणी मुख्यत्वे पूर्व किनाऱ्याच्या बाजूला मिळाली, हेही सांगायचे. 'पेरिप्लस'मध्ये पैठण आणि तेर यांची नावे आहेत. तेथला माल गाड्यांवर लादून, वाटा नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जात असे, पैठणहून वीस दिवसांच्या वाटेने. म्हणजे समुद्रावरच्या त्या व्यापाराचे एक टोक बैलगाडीच्या चाकाशी होते. ही गोष्ट नोंदलेली आहे, आणि तिच्यात आमच्या मुलांना ओळखीचे वाटावे असे पुष्कळ आहे. पुरात गुळाच्या काहिलीत बसून ओढा ओलांडणारी माणसे त्यांनी पाहिली किंवा ऐकली आहेत. लोखंडाची काहील का तरंगते, हे त्यांना आर्किमिडीजच्या आधी ठाऊक असते.

आमचा एकूण अभिप्राय असा. प्रयोग उत्तम, कारागिरी अव्वल, नेपथ्य सरमिसळ, आणि प्रेक्षकांनी नाटक संपण्याआधीच वाजवलेल्या टाळ्या थोड्या जास्त.

भित्तिपत्रकावरचा कागद आम्ही काढला. नवा मजकूर त्याच मुलीने तिच्या अक्षरात लिहिला आहे : 'अजिंठ्याच्या चित्रावरून आकार घेऊन, केरळच्या कारागिरांनी शिवलेली, गोव्यात बांधलेली नौका मस्कतला पोहोचली. पाचव्या शतकातली नौका अशीच होती का, हे अजून शोधायचे आहे.' खाली तिने कोरी जागा सोडली आहे. कशासाठी, असे विचारले तर म्हणाली, "कुठे जुनी नौका सापडली तर लिहायला."